लेझर प्रिंटर घेताय? आधी टोनरचा भाव विचारा

इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये गेलात की दुकानदार पहिले प्रिंटरचीच किंमत सांगणार, तुम्ही मात्र सरळ विचारायचं की भैया ह्याचं टोनर, म्हणजे शाईच्या पावडरीचं कार्ट्रिज, कितीचं आणि किती पानं देतं. समजा टोनर 4000 चं आणि पानं 2000, म्हणजे एक पान 2 रुपयांना पडलं, कागद वेगळा. आणि हा पानांचा आकडा साधारण 5 टक्के पान काळं धरून असतो, म्हणजे सुटसुटीत पत्र वगैरे, तुम्ही आधार कार्डाच्या झेरॉक्स नाहीतर मंडळाच्या गणपतीची पत्रकं काढणार असाल तर तो आकडा विसरा.

नव्या प्रिंटरच्या डब्यात येतं ते टोनर बऱ्याचदा अर्धवटच भरलेलं असतं हेही लक्षात ठेवा.

मग ड्रम, म्हणजे पावडर कागदावर उतरवणारा रोल. एचपीच्या 12ए नावाच्या टोनरमध्ये ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, टोनर बदललं की तोही नवा. ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ड्रम वेगळा, टोनर त्यामुळे स्वस्त वाटतं पण हजारो पानांनंतर ड्रमचा खर्च येतोच, तो आधीच हिशोबात धरा.

रिकामं टोनर पुन्हा भरून घ्यायचा (रिफिल) विचार असेल तर कार्ट्रिजवर चिप आहे का बघा, प्रिंटर तिच्यावरूनच कार्ट्रिज ओळखतो. 12ए ला चिप नाही म्हणून ते जुनं धूड अजून गल्लोगल्ली भरून मिळतं, नव्या काही प्रिंटरांत फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं की बाहेरची चिप चालतच नाही. कलर लेझर तर घरी नकोच, चार टोनर घ्यावे लागतात हो!