सोडायच्या आधी रान फिरून बघा

मुधोळचं कुत्रं वर्षाच्या आतलं असलं की थांबायचं त्याला कळत नाही, ते आपल्यालाच कळावं लागतं. आमची भिंगरी दहा महिन्यांची आहे. धापा टाकत असली तरी चेंडू परत पायाशी आणून ठेवते. म्हणून खेळ कधी संपवायचा हे मी ठरवतो आणि तिला अजून हवासा असतानाच चेंडू खिशात घालतो.

आधी जागा. बेळगावजवळ कडोली-उचगावकडं रताळी काढून झाली की रान भुसभुशीत असतं, पळायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. भात कापलेलं शेत मात्र टाळा, वाळलेली धसकटं पंज्यात घुसतात. सोडायच्या आधी बांधावरनं एक चक्कर माराच. काटेरी तार, फुटलेल्या बाटल्या, कठडा नसलेली विहीर, सगळं नजरेखालनं घाला. या जातीची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही; वेगात तारेला घासलं तर सरळ फाटते. कातरवेळी तार कुत्र्यालाही दिसत नाही.

सशामागं धावण्यासाठीच वाढवलेली जात आहे ही. ससा दिसला की तुमची हाक तिच्या कानात शिरतच नाही. त्यामुळं हाकेला हमखास येईपर्यंत बैलाचा लांब कासरा लावा, पण गळ्यातल्या पट्ट्याला नको, छातीपट्ट्याला. निमुळत्या डोक्यावरनं साधा पट्टा निसटतो, आणि धावताना हिसका बसला तर मान दुखावते. कासरा हाताला गुंडाळू नका, टोकाला गाठही ठेवू नका, कुठंतरी अडकते. उसाच्या हंगामात चिकोडी-निपाणीकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, तिथं रस्त्यालगत कुत्रं मोकळं सोडूच नका.

चेंडू उंच फेकू नका, जमिनीवरनं घरंगळत सोडा. हवेत उडी मारून, वळून मागच्या पायांवर आदळणं कोवळ्या सांध्यांना झेपत नाही. मोठ्या जातीची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. चेंडू घशात जाणार नाही एवढा मोठा घ्या. काठी तर अजिबात नको. ती जमिनीत तिरकी रुतते, आणि धावत आलेल्या कुत्र्याच्या घशात घुसते.

मार्च ते मे खेळ सकाळी लवकर. जीभ रुंद होऊन टोकाला पळीसारखी वळली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या की तिथंच थांबा. झोकांड्या देत असेल तर सावलीत घ्या, अंगावर, पोटावर, पायांवर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं न्या.

खेळानंतर बोटांच्या फटीत सराटे बघा. पाणी थोडं थोडं द्या, जेवण तासाभरानं; जेवल्यावर दोन तास पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसू शकतो. पोट ताठ आणि ओकारीचे उमाळे येऊन काहीच पडत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.