बी.कॉम.च्या कॉम्प्युटर प्रॅक्टिकलला बसण्याआधी: एक्सेल, वर्ड आणि पॉवरपॉइंटच्या तयारीची यादी

कॉमर्सच्या मुलांना एक्सेल अवघड जातं ते फॉर्म्युले पाठ नसतात म्हणून नव्हे. फॉर्म्युला बरोबर असतो, पण त्याखालची माहिती चुकीच्या पद्धतीने भरलेली असते, आणि कॉम्प्युटर तक्रार न करता चुकीचं उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून या यादीत मशीन आणि माहिती आधी येते, फॉर्म्युले त्यानंतर.

पहिलं काम म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये ऑफिसची कोणती आवृत्ती आहे ते बघून घ्या. एक्सेल उघडून फाइल मेनूतल्या अकाउंटवर क्लिक केलं की कळतं. घरी नवी आवृत्ती असेल तर एक्सलूकअपचा (यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याचा) सराव होतो, आणि लॅबमध्ये २०१६ किंवा २०१९ निघाली तर तिथे तो फॉर्म्युला नसतोच. पेपरच्या वेळी हातात फक्त #नेम? (हे नाव एक्सेलला कळलं नाही) एवढंच उरतं. त्यामुळे तेच काम करणारा जुना व्हीलूकअप हाताशी असलाच पाहिजे. घरी ऑफिस विकत घेतलेलं नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे आणि यातल्या बहुतेक सरावाला पुरेसं आहे. फक्त सेव्ह करताना एक्सेलचं एक्सएलएसएक्स स्वरूप निवडा. मोबाइलवरच्या शीट्समध्ये सूत्रं समजून घेता येतात, पण पिव्होट (माहितीचा गटवार गोषवारा काढणारं टेबल) आणि मेल मर्जचा (एकाच मजकुरात प्रत्येकाची माहिती घालून अनेक पत्रं काढण्याचा) हात बसायला कीबोर्ड-माउसच लागतो. लॅबच्या दोन तासांत ही दोन कामं आधी उरका.

लॅबच्या अनेक मशीनवर रीस्टार्ट झालं की डेस्कटॉपवरचं सगळं पुसलं जाईल अशी व्यवस्था केलेली असते, त्यामुळे तिथे ठेवलेल्या फाइलवर भरवसा ठेवू नका. पेन ड्राइव्हवरून थेट फाइल उघडूनही काम करू नका. आधी मशीनवर कॉपी करा, काम करा, मग परत पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत स्वतःला मेल करा. फाइलच्या नावात रोल नंबर आणि तारीख घाला. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली की फोल्डरमध्ये फाइली आपोआप क्रमाने लागतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं ठेवली की परीक्षेच्या आदल्या रात्री कोणती खरी तेच कळत नाही.

आता तारखेची सेटिंग. इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून थोडा वेळ द्या. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडलेलं आहे का ते बघा. त्याने दोन गोष्टी होतात: रकमेत लाख-कोटींप्रमाणे स्वल्पविराम पडतात आणि तारीख आधी दिवस, मग महिना अशी वाचली जाते. सेटिंग अमेरिकन असेल तर १३/०९/२०२५ ही तारीख एक्सेलला कळत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटते. हे निदान दिसतं तरी. १०/०९/२०२५ मात्र गुपचूप ९ ऑक्टोबर होते आणि दिसायला अगदी व्यवस्थित दिसते. तपासायचं कसं? सेलचा फॉर्मॅट जनरल करा. एक्सेल तारीख क्रमांकाने साठवतं, १ जानेवारी १९०० म्हणजे १. त्या हिशेबाने १० सप्टेंबर २०२५ ला ४५९१० दिसलं पाहिजे. ४५९३९ दिसलं तर ती ९ ऑक्टोबर आहे. आकडा बदललाच नाही तर तो मजकूर आहे.

सरावाला पुस्तकातली दहा ओळींचे तक्ते घेऊ नका. एका घाऊक किराणा दुकानाची सप्टेंबर २०२५ ची साठ बिलं स्वतः तयार करा. सप्टेंबरच का, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप १२ वरून ५ वर. एकाच महिन्यात एकाच मालाला दोन दर, असा सराव पाठ्यपुस्तकात मिळत नाही आणि नोकरीत पहिल्याच आठवड्यात समोर येतो. रकाने असे ठेवा: बिल नंबर, तारीख, ग्राहक, गाव, जीएसटीआयएन (ग्राहकाचा जीएसटी नोंदणी क्रमांक), माल, एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड), नग, दर, करपूर्व रक्कम, कराचा दर, सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा निम्मा-निम्मा कर), आयजीएसटी (परराज्यातल्या बिलावरचा एकत्र कर), एकूण. ग्राहकांची नावं आणि नंबर काल्पनिकच घ्या. ओळखीच्या दुकानातला खरा जीएसटीआयएन किंवा मोबाइल सरावाच्या फाइलीत घालू नये, कारण ती फाइल वर्गभर फिरते.

भरताना काही नियम पाळायचेच. शीर्षकाची ओळ एकच, मधे रिकामी ओळ नाही, मर्ज केलेले सेल नाहीत, आठवड्याची बेरीज मधेच घुसवायची नाही. नगाच्या रकान्यात ‘१० नग’ लिहू नका, फक्त १० लिहा. ‘१० नग’ला दराने गुणलं तर #व्हॅल्यू! येतो आणि चूक कळते; पण सम ने बेरीज केली तर सम तो सेल चक्क सोडून देतो आणि बेरीज कमी येते, कुठेही काही लाल होत नाही. आकडे इंग्रजी अंकांतच टाका, मजकूर मराठीत चालेल. एचएसएनचा रकाना भरायच्या आधी टेक्स्ट फॉर्मॅट करून घ्या, नाहीतर तुपाचा ०४०५ लगेच ४०५ होईल आणि चहाचा ०९०२ होईल ९०२. बँकेच्या खाते क्रमांकाचंही तेच. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं. सोळा अंकी क्रमांक टाकला तर शेवटच्या अंकाचा शून्य होतो, आणि नंतर टेक्स्ट फॉर्मॅट दिला तरी गेलेला अंक परत येत नाही. फॉर्मॅट आधी, टायपिंग नंतर.

ग्राहक, गाव आणि माल हे तीन रकाने हाताने टाइप करू नका. डेटा व्हॅलिडेशनमधून (सेलमध्ये ठरावीक नोंदीच घेऊ देणारी सोय) यादी लावा आणि निवडा. मराठीत ही काळजी जास्त लागते. कराड आणि कऱ्हाड ही दोन्ही रूपं लोक वापरतात, ती वेगळी मोजली जाणार हे उघड आहे. पण नुसतं कऱ्हाडसुद्धा दोन कीबोर्डांवर दोन वेगळ्या कोडनी टाइप होऊ शकतं. डोळ्यांना शब्द एकच, फाइलीत अक्षरं वेगळी. मग पिव्होटमध्ये एकाच गावाच्या दोन ओळी दिसतात आणि आपण तासभर कारण शोधत बसतो. शब्दामागे चुकून पडलेली स्पेस ट्रिमने जाते. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेस ट्रिमला जात नाही. तिथे सबस्टिट्यूटमध्ये कॅर(१६०) देऊन ती काढावी लागते.

आता फॉर्म्युले. कराचा दर सूत्रात थेट लिहायचा नाही, वेगळ्या सेलमध्ये ठेवायचा आणि एफ४ दाबून $ लावून पक्का करायचा, हे वर्गात शिकवतात (लॅपटॉपवर बहुधा एफएन आणि एफ४ एकत्र दाबावं लागतं). पण दर एकाच सेलमध्ये ठेवून तो १८ चा ५ केला तर १० सप्टेंबरचं जुनं बिलही नव्या दराने बदलून जाईल. ते बिल तर ग्राहकाला देऊन झालेलं आहे. म्हणून वेगळ्या शीटवर दरांची यादी करा: माल, एचएसएन, जुना दर, नवा दर. व्हीलूकअपला रकान्याचा क्रमांक थेट न देता आयएफमधून द्या: तारीख २२ सप्टेंबर २०२५ किंवा पुढची असेल तर ४, नाहीतर ३. चौथ्या जागी शून्य टाकायला विसरू नका. ती जागा सोडली तर व्हीलूकअप अंदाजे जुळणी करतो, यादी क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतो आणि भलत्याच मालाचा दर बिनदिक्कत आणून देतो. #एन/ए (नोंद सापडली नाही) आला तर बरं, निदान चूक दिसते.

आणि इथे तारखेचा मुद्दा पुन्हा आडवा येतो. एक्सेलच्या तुलनेत मजकूर हा कुठल्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो. त्यामुळे मजकूर झालेली १३/०९/२०२५ ‘२२ सप्टेंबरनंतरची’ ठरते आणि टूथपेस्टच्या त्या बिलाला १८ ऐवजी ५ टक्के लागतात. सूत्र अचूक, कर चुकीचा.

राज्यातलं बिल की परराज्यातलं, हे सरावापुरतं, आपलं दुकान महाराष्ट्रातलं धरून, जीएसटीआयएनच्या पहिल्या दोन अंकांवरून काढा: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. प्रत्यक्षात हे मालाच्या पुरवठ्याच्या ठिकाणावरून ठरतं, तोंडी परीक्षेत विचारलं तर तेच सांगा. लेफ्टने दोन अंक काढून त्यांची तुलना नुसत्या २७ शी केली तर उत्तर कायम खोटं येतं आणि सगळी साठ बिलं आयजीएसटीत जाऊन बसतात, कारण लेफ्ट मजकूर देतो आणि २७ ही संख्या आहे. २७ ला अवतरणचिन्हं द्या, काम होतं. जीएसटीआयएन १५ अक्षरांचाच आहे ना, हे डेटा व्हॅलिडेशनमध्ये अक्षरं मोजणारं लेन वापरून आधीच अडवता येतं.

राउंडची सवय पहिल्या दिवसापासून लावा. १० सप्टेंबरच्या टूथपेस्टच्या बिलाची करपूर्व रक्कम २४७.५० धरा. ९ टक्के सीजीएसटी २२.२७५ येतो, एसजीएसटीही तेवढाच. दोन दशांश दाखवले की दोन्हीकडे २२.२८ दिसतं, पण एकूण कर ४४.५५ येतो. कागदावर बेरीज करणारा म्हणतो ४४.५६ हवेत, आणि कागदापुरतं त्याचं बरोबर आहे. दशांश कमी करणं म्हणजे फक्त दिसणं बदलणं; आकडा खरोखर पूर्णांकित करायचा तर राउंड( ,२) लागतो, आणि तो प्रत्येक कराच्या सेलमध्ये लागतो, शेवटच्या बेरजेत लावून उपयोग नाही.

पिव्होट टेबल करण्याआधी सगळी माहिती निवडून कंट्रोल-टी दाबा, म्हणजे नव्या ओळी आपोआप धरल्या जातील. एखाद्या रकान्याला शीर्षक नसेल तर पिव्होट बनतच नाही. मूळ माहिती बदलल्यावर रिफ्रेश करावं लागतं. हे विसरल्यामुळे हातचे मार्क जातात. तारखा महिन्यांत गटवता येत नसतील तर कुठली तरी एक तारीख मजकूर आहे असं समजा आणि ती शोधा. शेवटी पिव्होटची एकूण रक्कम मूळ शीटच्या बेरजेशी आणि बिलांची संख्या साठशी जुळवून बघा.

वर्डमध्ये पहिलं काम कागदाचा आकार ए४ करणं. कुठून तरी उतरवलेल्या नमुन्यात बऱ्याचदा अमेरिकन लेटर आकार असतो आणि प्रिंट काढताना शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर जातात. नवं पान हवं असेल तर कंट्रोल-एंटर दाबा, एंटर मारत खाली जाऊ नका. शीर्षकांना स्टाइल द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते. मेल मर्जसाठी येणे बाकी असलेल्या दहा ग्राहकांची वेगळी शीट करा आणि वसुलीची पत्रं काढून बघा. इथे हमखास दोन भानगडी होतात: तारीख अमेरिकन क्रमाने येते आणि रकमेच्या मागे दशांशांची शेपटी लागते, कारण वर्ड एक्सेलमधला फॉर्मॅट उचलत नाही, आतला आकडा उचलतं. सोपा उपाय एक्सेलमध्येच करा: टेक्स्ट फंक्शनने तारीख आणि रक्कम हव्या त्या रूपात वेगळ्या रकान्यांत काढा आणि पत्रात ते रकाने घ्या. पत्रं थेट प्रिंटरला पाठवू नका, आधी वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये उघडून दोन-तीन नीट वाचा.

मराठी पत्र युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं पत्र तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडतं. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घ्या. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. इनस्क्रिप्ट ही त्याची कीबोर्ड मांडणी शिकायला आठवडाभर जड जाते, पण रचना सरळ आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. जे वर र, डी वर हलंत, एन वर ल आणि शिफ्ट-एन वर ळ. बाहेर पाठवायची प्रत पीडीएफ करूनच द्या.

पॉवरपॉइंटला जास्त दिवस घालवू नका. सहा स्लाइड, प्रत्येकीवर एकच मुद्दा, आणि तुमच्याच पिव्होटमधले दोन चार्ट पुरतात. चार्ट पेस्ट करताना मात्र बघा: लिंक ठेवली तर एक्सेलची फाइल हलवल्यावर ती तुटते, आणि पूर्ण वर्कबुकसकट आत घातला तर सादरीकरण ज्याला पाठवाल त्याला सगळी बिलं उघडून बघता येतात. नोकरीत अशाने पगारपत्रकं बाहेर जातात. चित्र म्हणून पेस्ट करा.

पेपरच्या दिवशी सही झालेलं जर्नल, ओळखपत्र आणि बॅचची वेळ आदल्या दिवशीच पक्की करा. मशीनसमोर बसल्यावर आधी रीजन सेटिंग बघा, मग रिकामी फाइल रोल नंबरच्या नावाने सेव्ह करा, मग प्रश्न वाचा. दर दोन-तीन मिनिटांनी कंट्रोल-एस. आपोआप सेव्ह होईल असं लॅबच्या मशीनवर धरू नका. ##### दिसलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा रकाना अरुंद असतो. प्रिंटआधी पान आडवं करा आणि सगळे रकाने एका पानात बसवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर ‘एकूण’चा रकाना एकटाच दुसऱ्या पानावर निघतो. सूत्रांची प्रत मागितली असेल तर फॉर्म्युला मेनूतल्या शो फॉर्म्युलाजवर क्लिक करून दुसरी प्रिंट घ्या; त्यात रकाने रुंद होतात, म्हणून पान पुन्हा बसवावं लागतं. दोन्ही प्रतींवर हेडरमध्ये रोल नंबर आहे ना, ते प्रिंट प्रिव्ह्यूमध्येच बघून घ्या, कारण लॅबच्या प्रिंटरवर तीस जणांच्या कागदांचा एकच गठ्ठा पडतो.