‘प्रिलिम झाली की बघू’ : स्पर्धा परीक्षेच्या ताणात या चुका टाळा

पेपर तोंडावर आला की झोप उडते, पोट बिघडतं, फोनवर आईवर उगाच खेकसलं जातं. यात आजार काही नाही. पेपर झाला की चार-सहा दिवसांत माणूस ताळ्यावर येतो. घोळ होतो तो पेपर संपतच नाही तेव्हा. पुण्यात सदाशिव पेठ, शास्त्री रोडच्या आसपास कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहून एमपीएससी, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या सरकारी नोकरीच्या परीक्षा, करणाऱ्यांचं नेमकं तेच होतं. प्रिलिम (पूर्वपरीक्षा), मेन्स (मुख्य परीक्षा), मुलाखत, निकाल, मग नियुक्तीची वाट, आणि मध्येच तारीख पुढे. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा ऐन वेळी लांबणीवर टाकली तेव्हा आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँक भरतीची आयबीपीएस आणि एमपीएससी एकाच दिवशी आल्या तेव्हा ही मुलं रस्त्यावर बसली. अभ्यास जड झाला म्हणून कोणी रस्त्यावर बसत नाही. शेवट कधी ते ठाऊक नाही आणि आपल्या हातात काही नाही, या दोन गोष्टी माणसाला आतून पोखरतात.

अशा लांबलेल्या ताणाचा आजार कसा होतो आणि त्या वाटेवर नेहमी कुठे चुकतं, ते पाहू.

‘टेन्शनमुळे होतंय, परीक्षा झाली की बघू’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कारण समोर दिसतंय म्हणून हा आजार नाही, असा हिशेब केला जातो. डिप्रेशनला पुष्कळदा ढळढळीत कारण असतं, म्हणून ते कमी खरं ठरत नाही. शिवाय ‘परीक्षा झाली की’ हा दिवस कधी येतच नाही. प्रिलिम झाली की मेन्स असते, आणि राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणायला दहा-बारा वर्षं सहज मिळतात.

ताण आणि आजार यांतला फरक घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतो. गौरी-गणपतीला गावी गेलात, पुस्तक मिटलेलं आहे, चुलतभाऊ जमलेत. तिथे मन थोडं तरी मोकळं होतं का? ताण असेल तर होतं. डिप्रेशनमध्ये मोदकही बेचव लागतो आणि गर्दीतून उठून आतल्या खोलीत जावंसं वाटतं. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, सकाळ सगळ्यात वाईट जाणं आणि संध्याकाळी जरा बरं वाटणं, भूक मरणं किंवा अवाच्या सवा वाढणं, ‘मी घरच्यांवर ओझं आहे’ हा विचार पुनःपुन्हा येणं, या खुणा आहेत. उदासी किंवा कशातच रस न वाटणं, त्याच्या जोडीला यांतलं बरंच काही, आणि हे जवळजवळ रोज सलग दोन आठवडे, अशी डॉक्टरांची साधारण मोजपट्टी असते. दोन आठवडे म्हणजे पुढची प्रिलिम नव्हे.

‘तास वाढवले की होईल’

एकच पान चार वेळा वाचून डोक्यात शिरत नाही. मुलगा ठरवतो की आपण आळशी झालोय, आणि दहा तासांचे बारा करतो. ते दोन तास झोपेतून काढतो. इथे शरीरात काय चाललेलं असतं ते कळलं तर निम्मा अपराधीपणा जाईल.

ताण आला की आधी अ‍ॅड्रेनलिन आणि मागोमाग कॉर्टिसॉल रक्तात येतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते मेंदूच्या हुकमावरून सोडतात. ‘आता पुरे’ हा निरोप द्यायलाही मेंदूच लागतो, आणि त्या कामात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा वाटा असतो. गंमत म्हणजे नवीन वाचलेलं पक्कं करणाराही हाच भाग. महिनोन्‌महिने कॉर्टिसॉल चढं राहिलं की मार यालाच बसतो. त्यामुळे ताण लवकर उतरत नाही आणि वाचलेलं टिकत नाही. दिवसा वाचलेलं रात्री झोपेत पक्कं होत असतं, म्हणजे झोप कापून वाढवलेले तास अभ्यासाच्याच मुळावर येतात.

तेव्हा असं झालं की तास कमी करा. झोपेचे सात तास आधी वेळापत्रकात टाका, उरलेल्यात अभ्यास बसवा. सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा. रोज अर्धा तास घाम येईल असं चालणं किंवा पळणं ठेवा. पीएसआयच्या (पोलीस उपनिरीक्षक) ग्राउंडची, म्हणजे शारीरिक चाचणीची, तयारी करणारे या बाबतीत बाकीच्यांपेक्षा बरे असतात, असं माझं निरीक्षण आहे. रात्री आठची कडक कॉफी मध्यरात्रीनंतरही निम्मीअर्धी अंगात असते, तेव्हा शेवटचा कप दुपारीच घ्या.

रूममेटची गोळी

‘झोप येत नाही? ही घे, मी पण घेतो.’ ही गोळी बहुतेक वेळा अल्प्राझोलामची, म्हणजे चिंता कमी करून गुंगी आणणाऱ्या औषधाची, असते. हे औषध शेड्यूल एच-१ या औषधांच्या सरकारी यादीत येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराने ते द्यायचंच नसतं आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवायची असते. काही आठवड्यांत त्याची सवय लागते, आणि नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता ते कमी करतं. स्पर्धा परीक्षा करणाऱ्याने स्वतःहून घ्यावं असं याहून वाईट औषध शोधून सापडणार नाही. मात्र रोज घेत असाल तर हे वाचून आज रात्री एकदम बंदही करू नका. अचानक सोडल्याने फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

दारूचंही तसंच. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी धडधड वाढते.

‘ईसीजी नॉर्मल आहे, काही झालेलं नाही’

अभ्यासिकेत बसल्या बसल्या छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता जीव जातोय असं वाटतं आणि साधारण दहा मिनिटांत कळस गाठून सगळं ओसरू लागतं. पहिल्यांदा असं झालं की दवाखान्यात जायलाच हवं, हृदय तपासायलाच हवं. चूक त्याच्या पुढे होते. रिपोर्ट चांगले आले की ‘टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून माणूस परत येतो, आणि पुन्हा झटका आला की दुसऱ्या डॉक्टरकडे तोच ईसीजी काढतो. पॅनिक अ‍ॅटॅक हा नीट ओळखता येणारा आणि बरा होणारा त्रास आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर मागून घ्या. उलटंही लक्षात ठेवा : थकवा आणि उदासी यांचं मूळ थायरॉइडमध्ये किंवा बी-१२ च्या कमतरतेत असू शकतं. मेसच्या शाकाहारी डब्यावर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी ही रक्ततपासणी करून घ्यावी.

तीन तास झोपूनही फ्रेश?

हे कोणाच्या लक्षात येत नाही, उलट कौतुक होतं. आठवडाभर तीनच तास झोप, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, एका रात्रीत नवीन क्लास काढायचा बेत, उधारीवर खरेदी. हे मोटिव्हेशन नसून मॅनिया असू शकतो. त्याच वयात काहींना रूममेट आपल्यावर पाळत ठेवतात, बाजूच्या टेबलावरचे आपल्याबद्दलच बोलतात, असं ठाम वाटू लागतं. ताण हे आजार एकटा निर्माण करत नाही, घरात कोणाला असला त्रास असणं हा मोठा भाग असतो. पण जागरण आणि ताण ठिणगी टाकतात, आणि हे आजार पहिल्यांदा डोकं वर काढतात ते बहुधा विशी-पंचविशीत, म्हणजे ऐन स्पर्धा परीक्षेच्या वयात. पूर्वी असा ‘जोरात’ काळ येऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. नुसती डिप्रेशनची गोळी सुरू झाली तर अशा माणसाचा मॅनिया उसळू शकतो.

घरच्यांनी

‘कितवा अटेम्प्ट?’ आणि ‘पाटलांचा लागला बघ’ ही दोन वाक्यं फोनवरून वर्ज्य करा. ‘लग्न करून टाकू, आपोआप मार्गाला लागेल’ हा उपाय तर नकोच. आजारी मुलावर नवा संसार लादला जातो आणि एका मुलीची फसवणूक होते. ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवाला न्यायचं तर न्या, पण गोळ्या बंद करू नका.

त्यापेक्षा शांतपणे बसून आधीच ठरवा : किती अटेम्प्ट, त्यानंतर काय, आणि तोवर महिन्याचा खर्च कसा निघेल. अर्धवेळ काम असलं तर उत्तम. दुसरी वाट कागदावर असली की निकाल म्हणजे जन्ममरणाचा फैसला उरत नाही. आणि निकालाच्या दिवशी त्याला खोलीवर एकटं ठेवू नका.

कोणी ‘आता सगळं संपवावंसं वाटतं’ म्हणालं, अचानक पुस्तकं वाटून टाकली, निरोपाचं बोलू लागलं, तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर सोबत राहा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

उपचार सुरू झाल्यावरच्या चुका

पुण्यात ससूनमध्ये आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मनोविकारांची ओपीडी असते. समुपदेशक बोलून मदत करतो, औषध मात्र डॉक्टरच, बहुधा मानसोपचारतज्ज्ञ, देतात. दोन्ही लागू शकतं. ‘नोंद झाली तर पुढे नोकरीत अडकेल’ या भीतीने कित्येक जण दार ठोठावत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ती बाहेर देता येत नाही.

डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं दुखतं, आणि तिथेच निम्मे जण सोडायला निघतात. दुसरी गळती बरं वाटल्यावर. गुण आल्यानंतरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, नाहीतर त्रास उलटतो. परीक्षेची तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. सुस्ती आणणारी गोळी किती वाजता घ्यायची, डोस पेपरच्या आधी बदलायचा की नंतर, हे ते त्या तारखेवरून ठरवतात.