मेंढरांना जंताचं औषध लागू पडेना? या चुका टाळा

औषध पाजून पंधरवडा झाला तरी मेंढरं खंगतात, डोळे पांढरे पडतात, जबड्याखाली पाणी उतरतं. मग औषध बोगस म्हणून दुकान बदललं जातं. पण बऱ्याचदा जंतच त्या औषधाला दाद देईनासे झालेले असतात, आणि त्याला आपली पाजण्याची पद्धत कारणीभूत असते.

सगळ्यात महागात पडतं ते अंदाजाने पाजणं. मोठ्या मेंढीला आणि कोकराला एकच झाकण! कमी मात्रेत कमजोर जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. अल्बेंडाझोल किलोमागे ७.५ मिलिग्रॅम धरलं, तर ३० किलोच्या मेंढीला २२५ मिलिग्रॅम लागतं. २.५ टक्क्यांच्या बाटलीतून ते ९ मिली, १० टक्क्यांच्या बाटलीतून सव्वादोन मिली. म्हणून टक्केवारी वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका, आणि वजन काट्यावरच करा. कळपात उस्मानाबादी शेळ्या असतील तर त्यांना मेंढीचा डोस पुरत नाही, कारण त्यांच्या अंगातून औषध लवकर निघून जातं. किती वाढवायचा ते डॉक्टरांना विचारा. लेव्हामिसोल जास्त झालं तर विषबाधा होते. मेंढी नुकतीच गाभण असेल तर पहिला महिनाभर अल्बेंडाझोल टाळा.

बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असं नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच कुळातली आहेत. एक चालेना तर दुसरंही बहुधा चालत नाही.

आता सरसकट पाजण्याबद्दल, कारण आपल्याकडे हे फार होतं. रक्त पिणाऱ्या हिमाँकस जंताची मादी दिवसाला हजारो अंडी घालते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या माळावर अळ्या तग धरत नाहीत, जंत उरतात ते मेंढरांच्या पोटातच. अशा वेळी सगळा कळप पाजला, तर मृगाच्या पावसानंतर चराईवर पसरतात ते औषधातून वाचलेल्या जंतांचेच वंशज. त्यापेक्षा खालच्या पापणीचा आतला रंग बघा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फामाचा तक्त्यात १ लालबुंद, ५ पांढराफटक. ४ आणि ५ ची जनावरं पाजाच, कोकरं आणि गाभण मेंढ्या ३ लाच पाजा. तरतरीत मेंढ्या तशाच सोडा. त्यांच्या पोटातले औषधाला बळी पडणारे जंत चिवटांची संख्या पातळ ठेवतात. मात्र हे फक्त हिमाँकससाठी. यकृतातल्या पर्णकृमीनेही (लिव्हर फ्लूक) डोळा पांढरा पडतो.

माळेगावच्या यात्रेतून किंवा बाजारातून आणलेलं जनावर लगेच वाड्यात घालू नका. वेगळं बांधा, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वेगळ्या कुळांतली औषधं द्या आणि १४ दिवसांनी लेंडी तपासा.

खात्रीही लेंडीवरूनच होते. पाजण्याच्या दिवशी दहा-पंधरा मेंढरांची लेंडी घ्या आणि १४ दिवसांनी त्याच मेंढरांची पुन्हा. लेव्हामिसोल दिलं असेल तर सातव्या दिवशीच. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर ते औषध थांबवून डॉक्टरांशी बोला. पशुवैद्यकीय महाविद्यालयं परभणीला आणि उदगीरला आहेत. लेंडी जमिनीवरून उचलू नका, गुदद्वारातून ताजी काढा, पिशवीवर मेंढीचा बिल्ला नंबर लिहा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.