सॅकरिनची गोडी उशिरा लागते? सिलियांना दोष देण्यापूर्वी या चुका टाळा

तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ सायनसचा दाह भोगणाऱ्या नाकातल्या सिलिया, म्हणजे श्लेष्म (शेंबूड) घशाकडे ढकलणारे अस्तरावरचे सूक्ष्म तंतू, मंदावतात, काही जागी गळूनही पडतात, याबद्दल दुमत नाही. त्यांची गती पाहायला सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाचा कण नाकात ठेवून घशात गोड चव लागेपर्यंतचा वेळ मोजतात. मात्र या सॅकरिन चाचणीला उशीर झाला की लगेच केसपेपरवर ‘सिलिया निकामी’ असा शेरा मारण्याची जी घाई नवे रेसिडेंट करतात, तिचा मला आता कंटाळा आला आहे.

नागपूरच्या ओपीडीत एका मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवरून एक काका आले. रेसिडेंटने त्यांना आल्या आल्या खुर्चीत बसवले, सॅकरिनचा कण नाकात ठेवला आणि घड्याळ लावले. तासभर झाला तरी तोंड गोड झाले नाही. मी पोहोचलो तेव्हा जन्मजात सिलियादोषाच्या तपासण्या लिहून तयार होत्या आणि “साहेब, अजून किती बसू?” एवढेच काका विचारत होते. हेडलाइट लावून पाहिले, तर तो पांढरा कण नाकपुडीच्या तोंडाशी, केसांच्या मुळाशी, ठेवला तसाच कोरडा पडून होता. तिथे असते ती त्वचा. सिलिया नसतातच, मग त्याला वाहून नेणार कोण? कण खालच्या टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या उंचवट्याच्या) पुढच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटर मागे ठेवावा लागतो, कारण त्याच्या पुढे श्लेष्म घशाकडे न जाता बाहेरच्या दिशेने सरकते. दुसऱ्या दिवशी काकांना आधी कूलरच्या खोलीत वीस मिनिटे स्वस्थ बसवले, कण योग्य जागी ठेवला आणि चोविसाव्या मिनिटाला ते म्हणाले, “आता गोड लागते.” म्हणजे गती मंद होती, जुन्या दाहात असते तशी, बंद पडलेली नव्हती.

उन्हातून आलेल्या रुग्णाला वीस मिनिटे बसवणे ही माझी सवय आहे, पुस्तकातला नियम नव्हे. पण कोरड्या नाकात घट्ट झालेले श्लेष्म निरोगी सिलियांनाही हलत नाही, आणि ही चाचणी सिलिया व श्लेष्म यांपैकी दोषी कोण हे सांगत नाही. वीस मिनिटांच्या आत चव आली तर ठीक, तिसाच्या पुढे गेली तर उशीर नक्की. मधल्या आकड्यांसाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी करतो.

चाचणी चालू असताना रुग्णाने नाक ओढू नये, शिंक आली तर ती चाचणी बाद धरावी. चव गोड असेल हे त्याला आधी सांगू नये. काहीच कळले नाही तर त्याला ती चव मुळात कळते का, हे शेवटी सॅकरिन जिभेवर ठेवून पाहावे. सर्दी झाली असेल तर काही आठवडे थांबावे.

दुसरी चूक महागात पडते. सुजलेल्या, पुवाळलेल्या नाकातून ब्रशने पेशी खरवडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाठवल्या, की दोन-तीन सिलिया एकाच आवरणात चिकटलेल्या, दिशा चुकलेल्या दिसतात आणि अहवाल वाचणारा घाबरतो. हे बदल दाहामुळेही होतात. म्हणून आधी सलाइनने नाक धुणे व स्टेरॉइड स्प्रे नेटाने करून घ्यावे, दाह उतरल्यावर काही आठवड्यांनी नमुना घ्यावा. जन्मजात दोषाची शंका इतिहासातून येते: तान्हेपणापासूनचा ओला खोकला, वारंवार वाहणारे कान, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत उलट बाजूला असलेले हृदय. पन्नाशीत प्रथम नाक चोंदलेल्या माणसात तो दोष शोधत बसू नये.

आणि “औषध चालू आहे का?” असे विचारू नये. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब रुग्ण औषधात मोजत नाहीत. महिनोन्महिने टाकल्याने नाकाचे अस्तर सुजूनच राहते, तरी ते “नाही” म्हणतात. “नाकात काय टाकता?” असे विचारले, की शर्टाच्या खिशातून बाटली निघते.