अमेरिकेत बंदूक बाळगताना या चुका टाळा

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते आणि तो व्यक्तीचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात मान्य केले आहे. तरीही तो वापरण्याचे बरेचसे नियम राज्यागणिक बदलतात, आणि हे विसरणारी सरळमार्गी माणसेही गजाआड जातात.

तिकडच्या मराठी कुटुंबांनी मात्र राज्याच्या नियमांआधी आपला व्हिसा तपासावा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या ताब्यात ठेवण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकारपरवाना असणे, यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. म्हणून व्हिसावरच्या मित्रासाठी त्याने स्वतःच्या नावावर बंदूक घेऊन देणे ही मदत वाटली, तरी तो केंद्रीय गुन्हा आहे.

परवाना सगळीकडे चालतो असे समजणे ही दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. पेनसिल्व्हेनियाचे ड्रायव्हिंग लायसन्स डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडल्यावरही चालते. तिथला पिस्तुलाचा परवाना पलीकडच्या न्यू जर्सीत चालत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्ती परवान्याविनाही पिस्तूल जवळ बाळगू शकते. न्यू जर्सीत मात्र दहाहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवरही बंदी आहे.

अशा राज्यांतून नुसते पार होणाऱ्यांसाठी १९८६ च्या केंद्रीय कायद्यात संरक्षण आहे, पण लोक त्यातला अर्धाच भाग लक्षात ठेवतात. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ती बंदूक जवळ बाळगणे कायदेशीर हवे, ती रिकामी हवी, आणि ती व गोळ्या प्रवासात हाताशी येता कामा नयेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी लागते; ग्लोव्ह बॉक्स त्यासाठी चालत नाही.

‘हाताशी’ या शब्दाने एकाला किती अडचणीत आणले, ते पाहण्याजोगे आहे. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे न्यू जर्सीतल्या नेवार्कहून सुटणारे पुढचे विमान चुकले. रिकामी, कुलूपबंद बंदूक असलेले सामान घेऊन तो रात्रीपुरता हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर त्याने स्वतःहून बंदुकीची माहिती दिली, तेव्हा त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. पण त्याने भरलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले की, हॉटेलात बंदूक त्याच्या हाताशी होती, त्यामुळे संरक्षण लागू होत नव्हते. कनेक्शन चुकले, तर असे सामान परत ताब्यात घेण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांना गाठून ते रात्रभर त्यांच्याकडे ठेवता येईल का, हे विचारावे.