‘रिप्लेस ऑल’ दाबण्यापूर्वी: मराठी मजकुरात शब्द बदलताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. अहवालात सर्वत्र ‘सोसायटी’ हा शब्द होता आणि कार्यकारिणीला त्या जागी ‘संस्था’ हवा होता. छापखान्याची वेळ जवळ आली होती, म्हणून मी कंट्रोल आणि एच या कळा दाबल्या, वरच्या चौकटीत जुना व खालच्या चौकटीत नवा शब्द लिहिला आणि ‘रिप्लेस ऑल’वर टिचकी मारली. शंभराहून अधिक ठिकाणी बदल झाल्याचा संदेश आला आणि मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी सचिवांचा फोन आला. ‘संस्थाच्या आवारात’, ‘संस्थाला मिळालेली देणगी’, ‘संस्थात झालेली चोरी’ हे मराठी कुठले, असे ते अतिशय सौम्य आवाजात विचारत होते.

चूक माझी होती. शोधा-आणि-बदला ही सोय शब्द ओळखत नाही, ती केवळ अक्षरांची ओळ जुळवते. इंग्रजीत नामाचे रूप फारसे बदलत नसल्यामुळे हा फरक एकवेळ खपून जातो, परंतु मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते आणि तिथे हिशेब बिघडतो. ‘सोसायटी’ला प्रत्यय थेट चिकटतो, ‘संस्था’ची मात्र आधी ‘संस्थे’ व्हावी लागते.

प्रत्यय लागलेली रूपे आधी, मूळ शब्द शेवटी

अशा वेळी एकच मोठा बदल न करता क्रमाने लहान बदल करावेत. आधी ‘सोसायटीत’चे ‘संस्थेत’, ‘सोसायटील’चे ‘संस्थेल’, ‘सोसायटीने’चे ‘संस्थेने’, ‘सोसायटीस’चे ‘संस्थेस’ असे करून घ्यावे. शब्द अर्धवट लिहिल्यामुळे ‘सोसायटीला’ आणि ‘सोसायटीलगत’ किंवा ‘सोसायटीस’ आणि ‘सोसायटीसाठी’ ही रूपे एकाच फेरीत उरकतात. ‘सोसायटीच’ शोधल्यास चा, ची, चे, च्या हे चारही प्रत्यय हाती लागतात, पण ‘हा खर्च सोसायटीच करील’ यातला जोर देणारा ‘च’ही त्यात सापडतो आणि त्याचे ‘संस्थेच करील’ होते. म्हणून ही एक फेरी ‘फाइंड नेक्स्ट’ने एकेक जागा पाहूनच करावी. अनेकवचनाचे ‘सोसायट्या’ थेट ‘संस्था’ केले तरी चालते, कारण ‘सोसायट्यांना’मधला अनुस्वार पुढे जसाच्या तसा राहून ‘संस्थांना’ असे शुद्ध रूप तयार होते. प्रत्यय नसलेला ‘सोसायटी’ सर्वांत शेवटी बदलावा. तो आधी बदलला, तर पुढच्या फेऱ्यांना शोधण्यासाठी काही उरतच नाही.

उलट दिशेने जाताना धोका वेगळा आहे. ‘संस्था’चे ‘सोसायटी’ केल्यास ‘संस्थेत’ आणि ‘संस्थेने’ हातून सुटतात, आणि संस्थापकांचे मात्र ‘सोसायटीपक’ होते.

‘बैठक’ बदलून ‘सभा’ करताना आणखी एक गंमत घडते. ‘बैठकीत’ या शब्दातला ‘बैठक’ एवढाच भाग बदलतो आणि मागे राहिलेली दीर्घ वेलांटी ‘सभा’च्या कान्याला जाऊन भिडते. बहुतेक फॉन्टांत तिथे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. असे वर्तुळ दिसले की फॉन्ट बिघडला असे समजून फॉन्ट बदलत बसू नये, ते फसलेल्या बदलाचे चिन्ह असते. लिंगभेदाची चूक मात्र असे कोणतेही चिन्ह सोडत नाही. ‘अर्ज’ काढून ‘निवेदन’ घातले की ‘आलेला अर्ज’ निमूटपणे ‘आलेला निवेदन’ होतो, आणि तो वाचूनच पकडावा लागतो.

शब्दाच्या पोटातला शब्द

‘कर’ या शब्दाऐवजी सर्वत्र ‘शुल्क’ करण्याचा मोह महापालिकेच्या देयकांवर टिपण लिहिताना सहज होतो. तो आवरला नाही, तर ‘प्रकरण’ हे ‘प्रशुल्कण’ होते, ‘करार’ हा ‘शुल्कार’ होतो, ‘लवकर’चे ‘लवशुल्क’ होते आणि सभासदांच्या यादीतल्या अर्ध्या कोकणाचे आडनाव बदलते. वर्डमध्ये ‘मोअर’ या बटणाखाली ‘फाइंड होल वर्ड्स ओन्ली’ ही खूण आहे, लिबरऑफिसमध्येही तशीच सोय आहे. ती लावल्यास ही आडनावे वाचतात, पण ‘कराची’ आणि ‘करात’ ही खरीखुरी रूपेही वगळली जातात. कोणी शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा घालून शोधतात, त्यांना स्वल्पविराम किंवा पूर्णविराम लागलेला शब्द सापडत नाही. दोन-तीन अक्षरांचा शब्द असेल, तर सरसकट बदल मी करतच नाही.

न्यायालयीन कागदांत हाच प्रकार अधिक महागात पडतो. ‘वादी’च्या जागी ‘अर्जदार’ करताना ‘प्रतिवादी’ हा ‘प्रतिअर्जदार’ होतो. आणि दोन्ही पक्षांची अदलाबदल करायची झाली, तर सरळ केलेल्या दोन बदलांनी सगळेच एका बाजूला जाऊन बसतात. त्यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे: प्रथम ‘प्रतिवादी’च्या जागी मजकुरात कुठेही नसलेली खूण, उदाहरणार्थ ‘#१#’, घालावी, मग ‘वादी’चे ‘प्रतिवादी’ करावे आणि अखेरीस त्या खुणेचे ‘वादी’ करावे. हा क्रम मोडला, तर आधीच्या ‘प्रतिवादी’चे ‘प्रतिप्रतिवादी’ होतात.

डोळ्यांना दिसतो, शोधात सापडत नाही

ही तक्रार सर्वांत अधिक येते, आणि तिचे कारण बहुधा लिपीच्या संकेतांत असते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला व चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे, पण काही मराठी अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात आणि दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. ‘ॲप’मधला ‘ॲ’ हे २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेले एक स्वतंत्र अक्षर आहे. त्यापूर्वीपासून अनेक जण ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत आले आहेत, आणि शोधणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी लेखने आहेत. ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दातला अर्धा ‘र’ही असाच आहे. काही कळफलक तो नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून घडवतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. अहवालाचा एक भाग कार्यालयातल्या संगणकावर आणि दुसरा कोणाच्या मोबाइलवर लिहिलेला असेल, तर एकाच पानावर दोन्ही प्रकार नांदतात.

यावर सर्वांत सोपा उपाय असा, की शोधायचा शब्द हाताने लिहू नये. मजकुरातला शब्द निवडून त्याची नक्कल शोधचौकटीत चिकटवावी, म्हणजे न दिसणारी चिन्हेही त्याच्यासोबत येतात. शंका राहिल्यास वर्डमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो: स्वतंत्र ‘ॲ’ असेल तर ०९७२, वर दिलेला चंद्र असेल तर ०९४५. त्याच कळा पुन्हा दाबल्या की अक्षर परत येते.

जुन्या धारिकांचे, म्हणजे फाइलींचे, दुखणे याहून मोठे आहे. कृतिदेव, श्रीलिपी किंवा आकृती यांच्या जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर देवनागरी दिसतो एवढेच. कृतिदेवमध्ये जिथे ‘भारत’ दिसतो, तिथे संगणकाजवळ एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरे असतात. अशा धारिकेत युनिकोडमधला शब्द कितीही शोधला तरी मिळणार नाही, आणि एखादा छोटा इंग्रजी शब्द सरसकट बदलल्यास मराठी मजकुराच्या आतली रोमन अक्षरेही बदलण्याची भीती असते. आधी रूपांतरकाने संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मगच शब्दांना हात लावावा.

आकड्यांचेही तेच आहे. देवनागरी ‘२०२४’ शोधल्यास इंग्रजी आकड्यांत लिहिलेले तेच वर्ष सापडेलच असे धरून चालू नये. अशुद्धलेखन ही आणखी एक आडवाट आहे. मुंबईतल्या कोणत्याही जुन्या इमारतीच्या कागदपत्रांत ‘पुनर्विकास’ शोधताना ‘पुर्नविकास’ही शोधावा, कारण रफार एक घर मागे सरकवण्याची आपली हौस दांडगी आहे. स्कॅन करून चित्र म्हणून चिकटवलेल्या पानांतला शब्द मात्र कोणत्याही युक्तीने हाती लागत नाही.

एवढे करूनही शोध रिकामाच येत असेल, तर वर्डच्या शोधचौकटीखाली ‘बोल्ड’ किंवा एखाद्या फॉन्टचे नाव लिहिलेले आहे का ते पाहावे. आधीच्या शोधातली ही अट तशीच राहून जाते. ‘नो फॉरमॅटिंग’ हे बटण दाबले की ती जाते.

वाइल्डकार्डची खूण आणि निवडलेला परिच्छेद

वर्डमध्ये ‘यूज वाइल्डकार्ड्स’ ही खूण चालू राहिली, तर प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो. मग प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम घालायला गेलेल्या माणसाला पानेच्या पाने टिंबांनी भरलेली पाहावी लागतात. लिबरऑफिसमध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ चालू असताना हेच काम पूर्णविराम करतो. लगेच कंट्रोल आणि झेड दाबल्यास मजकूर परत येतो, धारिका जतन करून बंद केल्यावर येत नाही. म्हणून बदल सुरू करण्याआधी मूळ धारिकेची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.

एकच परिच्छेद निवडून ‘रिप्लेस ऑल’ केल्यास वर्ड तेवढ्यापुरता बदल करून उरलेल्या दस्तऐवजातही शोधू का, असे विचारतो. सवयीने ‘येस’ दाबले जाते आणि निवड करण्याचे सगळे श्रम वाया जातात.

विशेषनामे

शहराचे नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झाले, तरी ‘बॉम्बे’चे सरसकट ‘मुंबई’ करू नये. आयआयटी बॉम्बे आपल्या नावात बॉम्बेच ठेवून आहे, १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीही तशीच आहे, आणि वर सांगितलेल्या घाईत तिची ‘मुंबई नॅचरल हिस्टरी संस्था’ व्हायला वेळ लागत नाही. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, पण जुन्या पत्रातला उतारा अवतरणचिन्हांत दिला असेल, तर त्यातले नाव बदलणे म्हणजे पुरावा बदलणे होय. अशी नावे व अवतरणे आधी शोधून त्यांना रंग देऊन ठेवावा आणि बदल करताना रंगीत जागा आली की ‘रिप्लेस’ न दाबता ‘फाइंड नेक्स्ट’ दाबून पुढे जावे. गिरगावच्या त्या अहवालाची दुरुस्ती मी याच रीतीने केली. तिला दीड तास लागला, आणि तेवढ्यात छापखान्याने आमची पाळी दुसऱ्याला देऊन टाकली होती.